खापरपणजोबांचा माग जमिनीवरून काढा

ताई, तुमचा प्रश्न सविस्तर होता, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. वाचणाऱ्या इतरांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही साताऱ्याकडच्या, लग्न होऊन नेब्रास्कात आलात. तुमच्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे, त्यात नऊ पिढ्या आहेत. मुलीला दोन्ही घरांची वंशावळ एकत्र करून द्यायची आहे, पण सासरची बाजू नवऱ्याच्या पणजोबांपाशी येऊन थांबते. त्यांचे वडील, म्हणजे खापरपणजोबा, आयर्लंडहून आले, सीमेवरच्या पलटणीत शिपाई होते आणि नंतर लूप नदीच्या खोऱ्यात शेती करून राहिले, एवढंच घरात माहीत आहे. सासरे सांगतात, ‘सैन्यातल्या नोकरीबद्दल सरकारने १६० एकर जमीन दिली’ आणि ‘ते इंडियनांशी लढले’. आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. इंटरनेटवर नाव घालून शोधलं तर त्या नावाचे डझनभर लोक निघतात. कोणीतरी सांगितलं की सैन्याची दप्तरं आगीत जळाली. तुमच्या हातात आहे एक पत्र्यावरचा फोटो आणि काउंटीच्या शेतसाऱ्याची एक जुनी पावती, जिच्यावर काही अक्षरं आणि आकडे आहेत.

गेली बावीस वर्षं मी नेब्रास्का, कॅन्सस आणि डकोटातल्या घराण्यांचे इतिहास शोधून देण्याचं काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या हातातली सर्वांत मोलाची वस्तू फोटो नाही, ती पावती आहे. शिपायाचं नाव बदलतं. भरती करणारा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहितो, शिपाई स्वतः खोटं नाव सांगतो, आयरिश आडनावातला ‘ओ’ कधी लागतो, कधी गळतो. जमीन मात्र जागची हलत नाही. तिचा पत्ता आजही तोच आहे. म्हणून नाव सध्या बाजूला ठेवा आणि पावतीवरच्या आकड्यांपासून सुरुवात करा.

ते आकडे आपल्या गट नंबरासारखे आहेत, फक्त मांडणी फार शिस्तीची आहे. नेब्रास्कातली सगळी जमीन सहाव्या प्रमुख रेखावृत्तापासून आणि ४० अक्षांशाच्या आधाररेषेपासून मोजलेली आहे. ही आधाररेषा म्हणजेच नेब्रास्का आणि कॅन्ससची सीमा. तिथून उत्तरेकडे सहा सहा मैलांच्या ओळी म्हणजे टाउनशिप. रेखावृत्तापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला सहा सहा मैलांचे पट्टे म्हणजे रेंज. ओळ आणि पट्टा जिथे मिळतात त्या चौकोनाचे ३६ भाग म्हणजे सेक्शन, प्रत्येक एक मैल लांब, एक मैल रुंद, ६४० एकरांचा. त्याचा पाव भाग १६० एकर.

यातून एक गोष्ट कागद मागवायच्या आधीच कळते. सेक्शनचा नंबर सम आहे की विषम ते बघा. रेल्वे कंपन्यांना मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक सेक्शन सरकारने दिले होते, ते विषम नंबरांचे. सोळा आणि छत्तीस हे सेक्शन शाळांसाठी राखून ठेवलेले असत. पावतीवरचा नंबर विषम असेल आणि जमीन रेल्वेच्या पट्ट्यात असेल, तर खापरपणजोबांनी ती रेल्वेकडून पैसे देऊन घेतलेली असण्याची शक्यता मोठी. मग सरकारी सनद त्यांच्या नावाने सापडणारच नाही. सासऱ्यांचा शोध तिथेच अडला असेल, तर त्यात त्यांची काही चूक नाही.

नंबर सम निघाला तर पुढची पायरी ट्रॅक्ट बुक. हे लँड ऑफिसचं जमीनवार रजिस्टर. एकाच तुकड्यावर कोणी कधी अर्ज केला, कोणाचा रद्द झाला, शेवटी सनद कोणाला मिळाली, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. आपल्या फेरफार नोंदवहीची आठवण यावी असंच. या पुस्तकांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीनखात्याच्या संकेतस्थळावर फक्त सनद दिसते, म्हणजे ज्यांनी शेवटपर्यंत निभावलं तेवढेच लोक. अर्ज करून टिकू न शकलेले फार मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या फायलीसुद्धा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता ट्रॅक्ट बुकातूनच जातो.

आता फायलीत काय असतं ते एका जाहीर उदाहरणावरून दाखवतो. डॅनियल फ्रीमन हा होमस्टेड कायद्याचा, म्हणजे पाच वर्षं राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याचा, पहिला अर्जदार मानला जातो. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेला हा कायदा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला आणि त्याच दिवशी फ्रीमनने नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिल इथल्या लँड ऑफिसात अर्ज क्रमांक १ दाखल केला. मी सैन्याच्या कामावर आहे, मला तातडीने परत जायचं आहे, असं सांगून त्याने मध्यरात्रीनंतर कारकुनाला ऑफिस उघडायला लावलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट रंगतदार आहे. पण माझ्या मते त्याच्या फायलीतला जानेवारी १८६८ चा कागद त्याहून सुंदर आहे. जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक हे दोन शेजारी त्यात शपथेवर सांगतात, की याला आम्ही पाच वर्षांहून जास्त काळ ओळखतो, याला बायको आणि दोन मुलं आहेत. याचं घर थोडं ओंडक्यांचं, थोडं फळ्यांचं, १४ बाय २० फुटांचं, एक मजली, दोन दारं, दोन खिडक्या, जमिनीला फळ्या. सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून पिकाखाली आणली आहे. एक तबेला, मेंढ्यांसाठी १०० फूट लांब छपरी, मक्याचं कोठार, सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडं लावली आहेत. त्याची जमीन टाउनशिप ४ नॉर्थ, रेंज ५ ईस्टमध्ये, सेक्शन २६ मध्ये. चौथी ओळ म्हणजे कॅन्ससच्या सीमेपासून १८ ते २४ मैल. आज बियाट्रिस गावाजवळ तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, लिंकन शहराहून तुम्हाला तासाभराच्या अंतरावर. मुलीला घेऊन एकदा जरूर जा.

तुमच्या खापरपणजोबांची फाइल नंतरच्या काळातली असेल, त्यामुळे ती आणखी बोलकी असेल. नंतर छापील प्रश्नावल्या आल्या. वय काय, जन्म कुठे, कुटुंबात कोण, घर कधी बांधलं, दर वर्षी किती एकर पेरली, कोणतं पीक, घर सोडून किती काळ आणि कशासाठी बाहेर होतात. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी सगळ्यांत आधी वाचतो. माणूस हिवाळ्यात रेल्वेच्या कामाला गेला, बाळंतपणासाठी बायकोला तिच्या माहेरी सोडून आला, टोळधाडीत पीक गेल्यावर पूर्वेकडे परतला, हे सगळं तिथे त्याच्या तोंडून उतरलेलं असतं. १८७४ च्या टोळधाडीनंतर तर काँग्रेसने खास कायदा करून बुडालेल्या लोकांना काही काळ जमीन सोडून राहायला मुभा दिली, नाहीतर गैरहजेरीमुळे हक्कच गेला असता.

त्याच फायलीत तुमच्यासाठी दोन गोष्टी मुद्दाम शोधण्यासारख्या आहेत. एक म्हणजे नागरिकत्वाचा दाखला. परदेशात जन्मलेल्या माणसाला सनद मिळण्याआधी नागरिक व्हावंच लागे, म्हणून दाखल्याची नक्कल तिथे लावलेली असते. सन्मानाने निवृत्त झालेल्या शिपायाला १८६२ च्या कायद्याने एक सवलत होती, त्याला आधी नागरिक होण्याचा ‘इरादा’ जाहीर करायची गरज नव्हती. त्यामुळे इराद्याचा कागद सापडला नाही तर कष्टी होऊ नका, तो मुळात झालाच नसेल. दुसरी गोष्ट साक्षीदारांची नावं. १८७९ पासून अखेरच्या पुराव्याची, म्हणजे मुदत भरल्यावर सनद मागताना द्यायच्या पुराव्याची, जाहिरात गावच्या वर्तमानपत्रात द्यावी लागे आणि तिच्यात साक्षीदारांची नावं छापली जात. हे साक्षीदार बहुतेक वेळा मेहुणा, जुन्या पलटणीतला सोबती किंवा एकाच गावाहून आलेला माणूस निघतो. आयर्लंडमधलं गाव शोधायचं असेल तर खापरपणजोबांपेक्षा त्यांच्या साक्षीदारांचा माग कधीकधी लवकर लागतो.

आता घरातल्या त्या समजुतीकडे येतो. ‘नोकरीबद्दल जमीन दिली’ हे मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो आणि बहुतेक घरांत ते तसं नसतं. सेवेबद्दल जमिनीचे वॉरंट, म्हणजे हक्कपत्र, देण्याची पद्धत होती, पण ती १८५५ पर्यंतच्या सेवेसाठी. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१-६५) शिपायांना तशी जमीन मिळाली नाही. त्यांना मिळाली ती १८७२ च्या कायद्याने मुदतीची सूट. होमस्टेडसाठी पाच वर्षं जमिनीवर राहणं सक्तीचं होतं, यादवी युद्धात किमान ९० दिवस सेवा केलेल्याचा सेवाकाळ त्यातून वजा होई, एक वर्ष मात्र राहावंच लागे. १८७० च्या दशकात शांततेच्या काळात भरती झालेल्या शिपायाला ही सूट नव्हती. तो इतर कोणत्याही अर्जदारासारखाच, एकूण सुमारे १८ डॉलर फी भरून आणि पूर्ण पाच वर्षं राबून जमिनीचा मालक होई.

यातून तुम्हाला घरबसल्या एक कसोटी मिळते. अर्जाची तारीख आणि अखेरच्या पुराव्याची तारीख यांतलं अंतर मोजा. पाच वर्षं किंवा जास्त असेल तर त्यांनी सैनिकी सूट वापरलेली नाही. दोन-तीन वर्षंच असेल तर यादवी युद्धातली सेवा असणार आणि फायलीत सैन्यातून मुक्त झाल्याच्या दाखल्याची नक्कल असणार. तिसरी शक्यता अशी की त्यांनी एकरी सव्वा डॉलर रोख भरून मुदतीआधीच जमीन घेतली. तसं असेल तर नोंद ‘कॅश एंट्री’ म्हणून असते आणि होमस्टेडच्या यादीत नाव दिसत नाही. अजून एक सावधगिरी. १६० एकरांपेक्षा कमी जमिनीवर अर्ज केलेल्या जुन्या सैनिकांना उरलेल्या एकरांचा जादा हक्क मिळाला होता आणि तो हक्क दलालांमार्फत विकला जाई. त्यामुळे कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या सनदेवर त्यांचं नाव दिसलं, तर ते तिथे राहिले होते असं समजू नका.

सासऱ्यांना हे कसं सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. मी तर आनंदानेच सांगतो. बक्षीस मिळालेल्या जमिनीपेक्षा पाच हिवाळे मातीच्या घरात काढून मिळवलेली जमीन घरासाठी जास्त अभिमानाची आहे. त्या माळरानावर लाकूड नव्हतं. गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांच्या विटा रचून ही घरं उभी राहत, पावसात छत गळे आणि पाऊस थांबल्यावरही गळत राही.

सैन्याचे कागद आता थोडे सोपे होतात, कारण जन्मसाल, जन्मस्थळ आणि जमिनीवर आल्याची तारीख तुमच्या हाती असेल. कायमच्या सैन्याची भरती-रजिस्टरं १७९८ ते १९१४ पर्यंतची उपलब्ध आहेत. एका ओळीत नाव, वय, जन्मस्थळ, आधीचा धंदा, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, उंची, कुठे भरती झाला, कोणती रेजिमेंट, कोणती कंपनी आणि शेवटी कसा सुटला. डोळ्यांचा रंग आणि उंची वाचल्यावर घरातली म्हातारी माणसं गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सुटण्याच्या रकान्यात ‘पळाला’ असंही असू शकतं, त्याची मनाची तयारी ठेवा. यादवी युद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत भरती झालेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा पळून गेला. महिना १३ डॉलर पगार, पाच वर्षांचा करार आणि कामं म्हणजे लाकूड तोडणं, गवत कापणं, भिंती बांधणं, पहारा. भूक आणि कंटाळ्याला वैतागलेल्या वीस वर्षांच्या पोराची ती नोंद असते. कुलवृत्तांतात ती लपवू नये असं माझं ठाम मत आहे.

लढाईचं काय? रजिस्टरमधून कंपनी आणि रेजिमेंट कळली की त्या कंपनीचे दर दोन महिन्यांचे हजेरीपट अभिलेखागारातून मागवता येतात. कंपनी त्या काळात कुठे होती, कोणत्या मोहिमेवर गेली, हा शिपाई हजर होता की इस्पितळात, हे त्यात आहे. छावणीचे मासिक अहवालही बघा, पण त्यांत अधिकाऱ्यांचीच नावं जास्त येतात. लूप खोऱ्यातली छावणी म्हणजे बहुधा फोर्ट हार्टसफ, १८७४ ते १८८१. ती उभी राहत असतानाच टोळधाड आली आणि बांधकामावरच्या मजुरीने आसपासच्या कितीतरी शेतकऱ्यांची चूल पेटती राहिली. लाकोटा आणि पॉनी या तिथल्या दोन मूळनिवासी जमाती. ही छावणी लाकोटांच्या हल्ल्यांपासून गोऱ्या वसाहतकऱ्यांचं आणि पॉनी लोकांचंही रक्षण करण्यासाठी होती. म्हणजे ‘इंडियनांशी लढले’ या दोन शब्दांत बरंच काही मिसळून गेलं आहे. ज्या जमिनीची पावती तुमच्या हातात आहे ती पॉनी लोकांनी १८५७ च्या टेबल क्रीक करारात सोडलेल्या मुलखातली असावी. लूपकाठची त्यांची उरलेली राखीव जागाही पुढे गेली आणि १८७० च्या दशकात त्यांना दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं. मुलीच्या वंशावळीत जमिनीची गोष्ट लिहाल तेव्हा १८५७ पासून सुरू करा, तिच्या खापर-खापरपणजोबांच्या अर्जापासून नको.

पेन्शनची फाइल हा दुसरा खजिना. यादवी युद्धातले असतील तर उत्तमच. १८९० च्या कायद्यानंतर, युद्धात जखम झालेली नसली तरी अपंगत्व दाखवून पेन्शन मिळू लागली आणि अर्जांचा पूर आला. १८९८ मध्ये आणि पुन्हा १९१५ मध्ये पेन्शन कचेरीने म्हाताऱ्या सैनिकांना छापील प्रश्न पाठवले, बायकोचं माहेरचं नाव काय, लग्न कधी, कुठे, कोणी लावलं, आधी लग्न झालं होतं का, मुलांची नावं आणि जन्मतारखा काय. आपल्याकडे हेळवी जे तोंडपाठ सांगतात ते इथे शिपायाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात मिळतं. फक्त सीमेवरच्या मोहिमांत असतील तर १९१७ चा कायदा लागू होतो, १८५९ ते १८९१ च्या मोहिमांतल्या वृद्ध सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना त्याने पेन्शन मिळाली. याची सूची वेगळी आहे, ‘इंडियन वॉर्स’ नावाची. यादवी युद्धाच्या सूचीत नाव नाही म्हणून शोध सोडू नका. खापरपणजी मागे राहिल्या असतील तर त्यांच्या नावाने शोधा, विधवेच्या फायलीत लग्नाचा पुरावा लागेच.

आगीबद्दल. सेंट लुईसच्या सैनिकी दप्तरखान्याची १९७३ ची आग भयंकर होती, पण तिच्यात गेली ती १९१२ ते १९६० दरम्यान सैन्यातून सुटलेल्यांची दप्तरं. तुमच्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही. १८९० ची जनगणना मात्र वॉशिंग्टनच्या १९२१ च्या आगीपायी गेली, ते खरं आहे. तिच्यासोबत केलेली यादवी युद्धातल्या सैनिकांची आणि विधवांची खास यादी नेब्रास्कापुरती शाबूत आहे, आणि १८८५ ची नेब्रास्काची जनगणनाही आहे. १९१० च्या जनगणनेत माणूस यादवी युद्धात युनियनच्या (उत्तरेच्या) की कॉन्फेडरेट (दक्षिणेच्या) सैन्यात होता, याचा एक रकाना आहे, तो पाहायला विसरू नका.

शेवटी माझी एक चूक सांगतो, कारण तुम्ही नेमक्या त्याच वळणावर उभ्या आहात. सुरुवातीच्या वर्षांत कॅन्ससमधल्या एका कुटुंबासाठी मी एकाची जमीन आणि दुसऱ्याची पलटण एकत्र जोडली. दोघे आयरिश, नाव एकच, काउंटी एकच, वयात दोन वर्षांचं अंतर. कुटुंबाने वंशावळ छापली, मेळाव्यात वाटली. वर्षभराने पेन्शनची फाइल आली तेव्हा त्या शिपायाची सही दिसली, वळणदार, सराईत हाताची. होमस्टेडच्या अर्जावर मात्र सहीच्या जागी फुली होती. मी त्या घरी जाऊन चूक कबूल केली, सगळ्या प्रती परत मागवल्या. तेव्हापासून दोन कागद एकाच माणसाचे आहेत असं म्हणण्याआधी मी सही, बायकोचं नाव आणि जन्मगाव, यांतल्या दोन गोष्टी जुळतात का ते बघतो. नाव आणि वय जुळलं एवढ्याने मी जोडत नाही.

तेव्हा आत्ता एवढं करा. पावतीवरचे आकडे स्वच्छ अक्षरात उतरवून घ्या आणि ट्रॅक्ट बुकातलं त्या टाउनशिपचं पान काढा. त्यात जमिनीच्या अखेरच्या दाखल्याचा नंबर मिळाला की अभिलेखागाराकडे जमिनीची पूर्ण केस फाइल मागा. नेब्रास्काच्या बऱ्याच फायली ऑनलाइन आल्या आहेत, म्हणून आधी तिथे बघा. फाइल यायला वेळ लागला तर मधल्या काळात काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्समध्ये जाऊन त्या तुकड्यावरची गहाणखतं पाहून या, त्यांवर नवरा-बायको दोघांच्याही सह्या असतात. आणि तुमच्या आतेसासूबाई हयात आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, त्यांना फोन करून घरातलं जुनं बायबल कुणाकडे आहे ते याच आठवड्यात विचारा. जन्ममृत्यूच्या नोंदी त्याच्या मधल्या पानांवर असतात. फाइल आली की साक्षीदारांची नावं मला कळवा, पुढचं आपण तिथून पाहू.